घड्याळजींच्या खालचं नाव

दादा गेल्यावर वहिनीने वर्षभर कशातच मन घातलं नाही. मग एके दिवशी वाचनालयातून परत आली ती प्रोग्रॅमिंगच्या वर्गात नाव घालूनच. ज्येष्ठांसाठी वर्ग, आठवड्यातून एकदा, फुकट. मी म्हटलं, "या वयात?" ती म्हणाली, "या वयात नाही तर काय पुढच्या वयात?" माझी वहिनी तशी गरीब गाय. पण अधूनमधून असं काही बोलते की समोरच्याने निमूट बसावं. मी निमूट बसले, आणि मला ते किती जड जातं हे मला ओळखणारं कोणीही सांगेल.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. उभा जन्म दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेला, त्यामुळे स्वतःचं बोलणं साठून राहिलं आणि निवृत्तीनंतर सगळं बाहेर आलं, असं दादा म्हणायचा. त्याच्यामागे मी माझी खोली सोडून वहिनीकडे राहायला आले. दोन बायका, एक किटली, आणि एक फोन. तो फोन दादा असताना दिवसभर वाजायचा. तो गेला आणि पंधरा दिवसांत गप्प झाला. त्याचे मित्र वाईट नव्हते. त्यांना वहिनीशी काय बोलावं तेच कळत नव्हतं.

वर्गात पहिल्या दिवशी वहिनी यादी शिकून आली. कॉम्प्युटरमधली यादी. घरी येऊन मला शिकवल्याशिवाय तिला चैन पडेना. आमच्या घरात शिरल्याबरोबर भिंतीवर कोट अडकवायच्या खुंट्या आहेत, तिथेच मला उभी केली.

"समज, ही यादी. पहिल्या खुंटीचा नंबर किती?"

"एक."

"शून्य."

"का? पहिलीने काय घोडं मारलंय?"

"नंबर म्हणजे सुरुवातीपासून किती पावलं पुढे जायचं ते. पहिलीपाशी तर आपण उभ्याच आहोत. पाऊलच टाकायला नको. म्हणून शून्य."

हे मला पटलं, पण मी तसं दाखवलं नाही. मग तिने सांगितलं की नवीन माणूस आला की त्याला शेवटी जोडायचं. मध्येच घुसवला तर त्याच्या पुढचे सगळे एकेक जागा सरकून त्याला वाव देतात. आणि कोणाला काढलं, तर उरलेले सगळे सरकून ती जागा भरून टाकतात.

"म्हणजे खुंट्यांसारखं नाही," मी म्हटलं. तिसऱ्या खुंटीवर दादाचा करडा कोट अजून होता. "कोट काढला तर खुंटी रिकामी राहते."

"यादीत रिकामी राहत नाही," वहिनी म्हणाली, आणि कोटाची बाही उगाचच सरळ केली. "लगेच पुढचा येऊन बसतो."

त्या वाक्यात पुढे काय वाढून ठेवलं होतं, ते तेव्हा दोघींनाही कळलं नाही.

आता विचारपुशीबद्दल सांगते. वाचनालयाच्या माडीवर एक खोली आहे. तीन फोन, एक लांब टेबल, आणि कितीही पुसला तरी चिकट राहणारा एक ट्रे. तिथे आम्ही तिघं रोज सकाळी बसतो: मी, वहिनी, आणि टपालकाका. काका पोस्टमन होते, अजूनही कोणाचं नाव घेतलं की आधी पत्ता बोलतात. आम्ही एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांना फोन करतो. उठलात का, बरं आहे ना, काही हवंय का. फोन उचलला नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा करायचा. तरी नाही उचलला, तर काका जिना उतरतात आणि जाऊन दार वाजवतात. एवढंच काम. त्याला आम्ही ‘विचारपूस’ म्हणतो.

नावं वह्यांत इमारतीप्रमाणे, घराप्रमाणे लावलेली. नवराबायको असतील तर दोघांच्या दोन ओळी, नवरा वर, बायको खाली. एकच फोन केला तरी दोघांची चौकशी करायची आणि दोन्ही ओळींवर खूण करायची. कोणी वारलं तर नाव पुसायचं नाही, पुढे ‘गेले’ एवढं लिहायचं. हा नियम काकांचा. ते म्हणायचे, इतकी वर्षं त्या दारात पत्र टाकलं, आता नाव खोडायला हात धजत नाही.

पूर्वी प्रत्येकाची माणसं ठरलेली होती, आणि त्यावरून भांडणं. घड्याळजी माझ्या वाट्याला होते. घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस स्वतः बोलायला लागला की थांबायचं नाव घेत नसे. गावातल्या प्रत्येक मनगटावरचं घड्याळ किती मागे पडतं ते त्यांना तोंडपाठ. मी रिसीव्हर खांद्यावर अडकवून विणकाम काढायची. शेवटी कधीतरी म्हणायचे, "बरं, ठेवतो. ही पण बरी आहे." मी दोन ओळींवर दोन खुणा करायची.

"ही" म्हणजे शिवणाच्या बाई. त्यांनी शाळेत मला शिवण शिकवलं. ओरडायच्या नाहीत. माझी टीप वाकडी गेली की कापड घेऊन स्वतःच्या नखाने उसवायच्या आणि मुकाट्याने परत द्यायच्या. आजही माझ्या पडद्यांची दुमड सरळ असते ती त्यांच्यामुळे. आणि तरी इतक्या वर्षांत मी फोनवर एकदाही म्हटलं नाही, की घड्याळजी, जरा बाईंना द्या. त्या आवाज न करणाऱ्या बाई होत्या आणि मला सकाळी विणकाम पुरं करायचं असायचं.

तर वहिनीने विचारपुशीसाठी प्रोग्रॅम लिहिला. वर्गाचे तीनच धडे झाले होते. वह्यांमधली नावं तिने तशीच एका फाइलमध्ये उतरवली. फाइलमधली सगळी नावं यादीत घ्यायची, यादीवरून एकेक करत पुढे जायचं, पुढे ‘गेले’ असेल तर ते नाव यादीतून काढायचं, नसेल तर तिघांपैकी एकाच्या चिठ्ठीवर घालायचं. चिठ्ठ्या रोज वेगळ्या. आज घड्याळजी मला, उद्या काकांना, परवा वहिनीला. कोणा एकाच्या माथी कायमचं कोणी नको. भांडणं मिटली. काकांनी वहिनीसाठी केक आणला, त्यावर क्रीमने शून्य काढलेलं. वहिनी इतकी खूश झाली की चौथ्या धड्याला गेलीच नाही. सर चांगले आहेत पण फार सावकाश शिकवतात, म्हणाली.

मी म्हटलं, "अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालीस." ती हसली. दादा गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून विषय सोडून दिला.

पहिल्याच आठवड्यात बेकरीवाली माडीवर चढून आली. नवरा गेल्यापासून ती एकटीच राहायची. तिचा जिना चढतानाचा आवाजच सांगत होता की आता आमची खैर नाही. "मेले का सगळे इथे? चार दिवस झाले फोन नाही. मी काय पैसे मागितले होते का तुमच्याकडे?" वहिनीने घाईघाईने फाइल उघडली. बेकरीवालीचं नाव होतं, नवऱ्याच्या ओळीखाली, जिथे असायला हवं तिथेच. वहिनीला काही उलगडेना. मग तिने ते नाव यादीच्या शेवटी आणखी एकदा जोडलं. दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर आलं.

"काय बिघडलं होतं?" मी विचारलं.

"काय की. पण आता चालतंय ना?"

चालत होतं. बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही, असं माझी आई म्हणायची. बेकरीवालीकडे तर तोंड होतं.

हिवाळ्यात घड्याळजी झोपेतच गेले. आम्ही तिघं भेटून आलो. बाई खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर हात, आणि घरातली सगळी घड्याळं चालू. खोलीवर परतल्यावर त्यांच्या नावापुढे ‘गेले’ लिहिलं ते मीच.

त्यानंतर माझ्या चिठ्ठीवर बाईंचं नाव आलं नाही. मला वाटलं, काकांकडे जात असेल. काकांना वाटलं, वहिनीकडे. वहिनीला वाटलं, नणंदेच्या बाई आहेत, ती कशी सोडेल. थंडी सरली, झाडांना पालवी आली, आणि तिघांपैकी एकानेही टेबलावरून मान वर करून विचारलं नाही, की अरे, शिवणाच्या बाई कशा आहेत?

औषधांच्या दुकानात कळलं. दुकानदार गोळ्या मोजता मोजता म्हणाला, "शिवणाच्या बाईंचं ऐकलंत ना? न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. सकाळी पडल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशाच. नळ चालू राहिला होता, पाणी जिन्यावर आलं, तेव्हा वरच्या भाडेकरूने दार फोडलं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमचा तो सकाळचा फोन असतो ना? मला वाटलं, तुम्हालाच आधी कळलं असेल."

मी गोळ्या तिथेच विसरून घरी आले. वहिनी स्वयंपाकघरात होती. मी कोटसुद्धा काढला नाही.

"बाईंना फोन कोण करत होतं?"

"तू ना?"

"मी नाही."

"मग काका."

काकांना फोन लावला. काकांनीही नाही म्हटलं. मी रिसीव्हर ठेवला आणि वहिनीवर तुटून पडले. तुझ्या त्या प्रोग्रॅमने बाईंना उडवलं. मी वह्या नीट ठेवत होते, तुला कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला. नको नको ते बोलले. तिने लॅपटॉप उघडला, यादी काढली, आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"नाव आहे," ती म्हणाली. "बघ. यादीत आहे. काढलेलं नाही."

होतं. काढून झाल्यावर उरलेल्या यादीत बाईंचं नाव ठसठशीत होतं. आणि तिन्ही चिठ्ठ्यांवर मात्र नव्हतं.

वहिनीने टेबलावर पाच कप ओळीत मांडले. दुसरा कप पालथा ठेवला. "हे घड्याळजी," ती म्हणाली. तिसऱ्यात तिने एक बटण टाकलं. "या बाई. आता मी कॉम्प्युटर. मला फक्त कितव्या जागेवर आहे तेवढं ठाऊक असतं." तिने पहिल्या कपावर बोट ठेवलं. "शून्य. जिवंत. चिठ्ठीवर." बोट दुसऱ्या जागेवर नेलं. "एक. गेले. काढा." तिने पालथा कप उचलून ओट्यावर ठेवला. "आता बाकीचे सरकणार. जागा रिकामी राहत नाही." तिने उरलेले तीन कप एकेक जागा अलीकडे ओढले. बटणाचा कप तिच्या बोटाखाली आला.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता पुढची जागा. दोन." बोट पुढच्या कपावर गेलं. बटणाचा कप मागे राहिला, कोणी न विचारलेला.

वहिनीने पुन्हा सगळे कप मांडले, पुन्हा तेच केलं, आणि पुन्हा तोच कप सुटला. फाइल रोज नव्याने उघडायची, त्यात घड्याळजी रोज नव्याने असायचे, आणि रोज त्यांना काढताना बाई सुटायच्या.

"जो गेला, त्याच्या खालचं नाव," वहिनी म्हणाली. "आणि आपल्याकडे खाली कोण असतं? बायको."

नवरा गेल्यावर घरातला फोन कसा मुका होतो, हे सबंध गावात तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. म्हणून तर ती विचारपुशीत आली होती. आणि तिने लिहिलेला प्रोग्रॅम नेमक्या त्याच बायकांना गाळत होता. आणखी दोघं तशीच सुटली होती. त्यातल्या एका आजोबांना, त्यांच्या वरची ओळ गेलेल्या शेजाऱ्याची होती, तर आमच्या तावडीतून सुटल्यासारखं वाटत होतं. पण बेकरीवालीने ओरडून सांगितलं तेव्हाच हे सापडायला हवं होतं, असं वहिनी त्या संध्याकाळी पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी तिला नाही म्हणू शकले नाही, कारण ते खरं होतं. माझे शब्द मात्र मला परत घ्यायचे होते आणि ते कसे घेतात ते या वयातही मला येत नाही. मी तिचा चहा गरम करून दिला.

दुसऱ्या दिवशी ती वर्गाच्या सरांकडे गेली. सर म्हणाले, ही चूक सगळे नवशिके करतात, चौथा धडा त्यानेच सुरू होतो: ज्या यादीवरून चालत आहोत, तिच्यातून चालता चालता काही काढायचं नाही. काढूच नका, नवी यादी करा आणि जे हवेत ते तिच्यात जोडत जा. दोन ओळींची दुरुस्ती. वहिनीने ती त्यांच्यासमोरच केली आणि घरी येऊन सांगितलं, की सर फार सावकाश शिकवत नाहीत, बरोबर शिकवतात.

मग आम्ही रुग्णालयात गेलो. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, आधीपेक्षा निम्म्या झालेल्या. उशाशी त्यांची भाची होती, दूरच्या शहरातून आलेली, तोंडभर हसणारी मुलगी. बाईंचं घर रिकामं करून त्यांना आपल्याकडे न्यायचं तिने ठरवलं होतं. वहिनीने सगळं सांगितलं. लपवलं काही नाही, कोणावर ढकललं नाही. घड्याळजींना काढताना तुम्ही सुटत होतात, चूक माझी, मला अर्धवट येत होतं.

बाईंनी नीट ऐकून घेतलं. मग मान हलवली, जशी आम्ही शाळेत उसवलेली टीप पुन्हा घालून दाखवल्यावर हलवायच्या.

"अगं, त्यात काय एवढं," त्या म्हणाल्या. "मी काही मनाला लावून घेतलं नव्हतं. मला वाटलं, फोन त्यांच्यासाठी होता. ते गेले, मग कोणाला करणार?"

"बाई, दोघांसाठी होता," मी म्हटलं.

"हो का?" त्यांना खरंच नवल वाटलं. "पहिले काही दिवस त्या वेळेला फोनपाशी बसायचे. सवय असते ना. मग म्हटलं, उगाच काय. त्या दिवशी पडले तेव्हा फोनची आठवणसुद्धा झाली नाही."

वहिनी रडली. बाईंनीच तिचा हात थोपटला. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. दोन खुणा मीच करत होते, वर्षानुवर्षं, एका आवाजावर. त्यात प्रोग्रॅमचा काही संबंध नव्हता. पण हे बोलायला माझ्या तोंडाला त्या दिवशी शब्द सापडले नाहीत.

बाई भाचीकडे राहायला गेल्या. त्यांच्या घराला कुलूप लागलं, घड्याळं भाचीने नेली. काका म्हणाले, आता त्यांचं नाव काढायला हवं, आपल्या भागातल्या राहिल्या नाहीत. वहिनीने साफ नाही म्हटलं. तिने फाइलमध्ये बाईंचा नंबर बदलून भाचीच्या घरचा घातला, आणि ओळ आहे तिथेच ठेवली, घड्याळजींच्या खाली.

पहिल्या सकाळी ते नाव माझ्या चिठ्ठीवर आलं. वहिनी आणि काका आपापले फोन तसेच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मी नंबर फिरवला. काय बोलायचं ते पाठ करून आले होते. बाई, मी तुमची वाकड्या टिपेची मुलगी, म्हणणार होते. आज कशा आहात, जेवलात का, त्या शहरात करमतं का, सगळं विचारणार होते, आणि विणकाम घरी ठेवून आले होते.

फोन उचलला बाईंनीच. मी नाव सांगितलं. त्यांना आनंद झाला, तो आवाजात कळला.

"हो, हो, मी बरी आहे," त्या म्हणाल्या. "थांब हं, देते."

"बाई, नाही, तुमच्याशीच..."

पण रिसीव्हर हलला होता. लांबून त्यांचा आवाज आला, "अगं, तुझा फोन." मग चपलांचा आवाज, आणि भाचीचं हॅलो.